फरशीवरची रात्र

माण गावात एक मुलगा राहत होता. शेतकऱ्याचा मुलगा. गावाची बरीच जमीन आयटी पार्कात गेली होती, उरलेल्या खाचरांत अजून भात होत होता, आणि खाचरांच्या पलीकडे मेट्रोचे खांब उभे राहत होते. मुलगा आयटीआय झाला आणि भोसरीला एका लहान कारखान्यात लागला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. चार लेथ, दोन ग्राइंडिंग मशिनं, आणि कोपऱ्यात काचेची, एसी लावलेली एक छोटी खोली. तिला सगळे स्टँडर्ड रूम म्हणत.

त्या खोलीत एक म्हातारा बसायचा. एका मोठ्या कंपनीतून रिटायर झालेला, मूळचा हिंगणघाटचा. चाळीस वर्षांपूर्वी पोट भरायला पिंपरीला आला आणि इथलाच झाला. सगळे त्याला काका म्हणत. खोलीत काळ्या ग्रॅनाइटची एक जाड फरशी होती, आरशासारखी सपाट. काका ती रोज सकाळी स्वतः पुसायचे. दुसऱ्या कुणाला पुसू द्यायचे नाहीत.

मुलाच्या घरी दोन वर्षं एक भांडण चाललं होतं. त्याच्या वडिलांना सगळे आबा म्हणत, धाकट्या चुलत्याला तात्या. दोघांच्या खाचरांमध्ये एक बांध होता, आजोबांनी घातलेला. बांधावर एक आंबा होता. आजोबा असताना दोन्ही घरची माणसं त्या आंब्याखाली न्याहारीला बसत. पुढे जमिनीला भाव आला. गुंठ्याचा भाव ऐकून म्हाताऱ्यांना आधी हसू यायचं, मग यायचं बंद झालं.

एका पावसाळ्यात बांधाची कड ढासळली. तात्यांनी ती परत घातली. आबा म्हणाले, बांध दीड हात इकडं सरकला. तात्या म्हणाले, दीड हात सरकला होता तो आता जागेवर आला. आबांनी पावलांनी मोजलं. तात्यांनी दोरीनं मोजलं. एकानं सरकारी मोजणी आणायची म्हटलं की दुसरा सहीला उभा राहत नसे. मग बोलणं थांबलं. एकाच आळीत राहून दोघं भाऊ एकमेकांच्या घरावरून खाली मान घालून जात.

मुलानं मध्ये पडून पाहिलं. आबांकडे गेला की आबांचं खरं वाटायचं. तात्यांकडे गेला की तात्यांचं. एकदा त्यानं दोघांना समोरासमोर बसवलं. चहा यायच्या आत दोघं उठून गेले.

डिसेंबर आला. भात झोडपून झाला होता, खाचरं रिकामी पडली होती, आणि थंडी चांगलीच होती.

एका रात्री कारखान्यात बारा शाफ्टचं काम आलं होतं. चाकणच्या एका कंपनीचं. व्यास ५० मिलिमीटर, आणि वरखाली फक्त पाच मायक्रॉनची सूट. माणसाच्या डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे केसाचे चौदा उभे काप केले तर त्यातल्या एका कापाएवढी ही सूट. बाहेर टेंपो उभा होता. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. शेवटचा शाफ्ट ग्राइंडिंगवरून उतरला तसा मुलगा स्टँडर्ड रूममध्ये पळाला, ड्रॉवरमधला मायक्रोमीटर घेऊन आला आणि त्यानं एकेक शाफ्ट मोजला. सगळे चार मायक्रॉननं जास्त. चार म्हणजे पाचाच्या आत. त्यानं रिपोर्टवर सही केली आणि माल चढवला.

काका त्या दिवशी लवकर घरी गेले होते.

टेंपो चाकणला पोचला तेव्हा गेट बंद झालं होतं. माल रात्रभर टेंपोतच राहिला. सकाळी सातला तिथल्या क्वालिटीचा एक पोरगा आला. लातूरकडचा होता, थंडीची सवय नव्हती. त्यानं गेटजवळच, उघड्यावर, शाफ्ट मोजायला घेतले. सगळे बारा मायक्रॉननं कमी. त्यानं दुसऱ्यांदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. मग बाराच्या बारा शाफ्टना लाल टॅग लावला आणि माल परत पाठवला.

दुपारी कारखान्याच्या मालकानं फोन केला. तिकडून फोन आला. आवाज चढले. मालक म्हणाला, आमचा मायक्रोमीटर कॅलिब्रेट केलेला आहे, सर्टिफिकेट आहे. तिकडचे म्हणाले, आमच्याकडेही सर्टिफिकेट आहे. तुमच्या पोरानं न मोजताच सही ठोकली. मालक म्हणाला, तुमच्या पोराला मायक्रोमीटर धरता येतो का ते आधी बघा. दोन्हीकडचे आकडे कागदावर होते आणि त्यांच्यात सोळा मायक्रॉनची दरी होती. एवढ्या दरीत बारा शाफ्ट, एक ऑर्डर आणि दोन पोरांच्या नोकऱ्या सहज मावत होत्या.

संध्याकाळी लातूरचा पोरगा स्वतः भोसरीला आला. साहेबांनीच पाठवलं होतं. मायक्रोमीटर बरोबर होता, जाकिटाच्या आतल्या खिशात. माणचा मुलगा त्याच्याकडे बघेना. तोही याच्याकडे बघेना.

काकांनी दोघांना खोलीत घेतलं. दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ठेवा.”

“काय ठेवा?”

“सगळंच. शाफ्ट इथं. तुझा मायक्रोमीटर इथं. तुझा इथं.” आणि त्यांनी काळ्या फरशीवर तीन जागा दाखवल्या. “आता हात लावायचा नाही. उद्या सकाळी मोजू.”

“उद्या?” लातूरचा पोरगा म्हणाला. “आत्ता मोजू ना, दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटांच्या कामानंच हे झालं. आता घाई कायले करतं बाप्पा?”

पोरगा मायक्रोमीटर सोडून जायला तयार होईना. परक्याच्या खोलीत आपलं माप कसं ठेवायचं? काकांना राग आला नाही. त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्याच हातात दिली. “आम्ही बाहेर बसतो. तूही बस. कुणी आत जाणार नाही.”

मग माणचा मुलगाही घरी गेला नाही. तो गेला असता तर हा इथे एकटा उरला असता, किल्लीसकट. अशा रीतीनं तिघं जण काचेच्या खोलीबाहेर स्टुलं टाकून बसले. काकांना पहारा नको होता. पण पहाऱ्याच्या निमित्तानं का होईना, दोघं एका ठिकाणी बसले.

शेडमध्ये गारठा होता. लातूरचा पोरगा फोन बघून म्हणाला, “अकरा अंश दाखवतोय. इथं तर पाच असतील.”

काकांनी बाजूच्या लाकडी टेबलावर त्याचा हात ठेवला. मग लेथच्या लोखंडी बेडवर ठेवला. “गार कोणतं?”

“लोखंड. सरळच आहे.”

“किती?”

“चार-पाच अंशांनी तरी.”

काकांनी खिशातून पाऱ्याचा एक लांब थर्मामीटर काढला. टेबलावर आडवा ठेवला, वर फडक्याची घडी टाकली, आणि गप्प बसले. पारा भरभर खाली आला, मग हळू झाला, मग रेंगाळला, मग थांबला. थांबल्यावरही काकांनी थोडा वेळ जाऊ दिला, तेव्हा आकडा वाचला. चौदा. मग तोच थर्मामीटर लोखंडावर ठेवला, तीच घडी टाकली. पारा जागचा हलला नाही. चौदा.

“दिवसभर एकाच शेडमध्ये पडलेत दोघं,” काका म्हणाले. “वेगळे कसे असतील? लोखंड तुझ्या हातातली ऊब ओढून घेतं, लाकूड घेत नाही. हाताला कळते ती ऊब जाण्याची घाई. तापमान हाताला कळत नाही.”

“आणि थर्मामीटरला कळतं?”

काका हसले. “त्यालाही दुसऱ्याचं कळत नाही. तो फक्त स्वतःचं सांगतो. ज्याच्याजवळ ठेवला त्याच्याइतका गार किंवा गरम होईपर्यंत थांबतो, आणि मग स्वतःचा आकडा सांगतो. आपण तो दुसऱ्याचा समजतो. थांबला नाही तर दोघांचाही नसलेला आकडा सांगतो.”

थोड्या वेळानं ते म्हणाले, “आणि तो लहान असतो, ते बरं असतं. चहाच्या कपात पहार बुडवून चहा किती गरम आहे ते बघायला गेलात, तर चहाच गार होईल.”

चहाचं नाव निघालं म्हणून माणच्या मुलानं चहा केला. तीन कप. लातूरच्या पोरानं कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

रात्र मोठी होती. काकांनी गावाकडची गोष्ट काढली.

“आमच्या हिंगणघाटात एका साहेबाची कबर आहे. लॅम्बटन नावाचा. त्यानं हा देश मोजायला घेतला. १८०२ साली, मद्रासजवळ. पहिली रेघ साडेसात मैलांची. शंभर फुटांची पोलादी साखळी होती त्याच्याकडे. ती साखळी म्हणे आधी चीनच्या बादशहाला भेट म्हणून नेली होती, त्यानं परत पाठवली. तर साडेसात मैलांत ती साखळी जवळपास चारशे वेळा टाकायची. किती दिवस लागले असतील?”

“चार-पाच?” मुलगा म्हणाला.

“सत्तावन्न. साखळी मातीवर टाकायचाच नाही तो. तिवयांवर लाकडी पेट्या, पेट्यांत साखळी, वरून तंबूची सावली, आणि साखळीच्या अंगाला थर्मामीटर लावलेले. ऊन लागलं की पोलाद वाढतं. शंभर फुटांची साखळी दहा अंशांनी तापली तर साडेतीन मिलिमीटर वाढते. एका वेळेला काहीच नाही. चारशे वेळा टाकली की साडेचार फूट.”

“साडेचार फूट,” माणचा मुलगा म्हणाला, आणि गप्प झाला. साडेचार फूट म्हणजे तीन हात. घरचं भांडण दीड हाताचं होतं.

“देश मोजता मोजताच म्हातारा झाला तो,” काका म्हणाले. “१८२३ साली नागपूरकडे निघाला होता, आमच्या गावात वारला. लहानपणी आम्ही त्या कबरीजवळ खेळायचो. कोण आहे ते माहीतच नव्हतं. इथं आलो, हातात मायक्रोमीटर आला, तेव्हा कळलं.”

मध्यरात्रीनंतर लातूरच्या पोरानं विचारलं, “काका, चार तास झाले. झालं नसेल का?”

“झालंही असेल. पण ते बघायला कुणीतरी आत जाणार. दार उघडणार, श्वास सोडणार, हात लावणार. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. बस.”

पहाटे कधीतरी माणच्या मुलाला डुलकी लागली. जाग आली तेव्हा त्याच्या अंगावर लातूरच्या पोराचं जाकीट होतं. तो पोरगा दोन्ही हात काखेत घालून बसला होता.

उजाडलं. पोरानं कुलूप काढलं. काकांनी हातमोजे घातले. फरशीवर थर्मामीटर ठेवलेलाच होता, त्यावर २० होतं. हा वीस आकडा काकांनी ठरवलेला नव्हता. १९३१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय मापसमितीनं ठरवून टाकलं की वस्तूची लांबी म्हणजे तिची २० अंश सेल्सिअसवरची लांबी. तेव्हापासून जपानमध्ये मोजा नाहीतर भोसरीत, काम करायचं ते विसावर. एरवी जगात कशावर एकमत होत नाही, यावर झालं.

काकांनी आधी ५० मिलिमीटरचा स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचा ठोकळा, घेतला. तोही रात्रभर त्याच फरशीवर होता. दोन्ही मायक्रोमीटर त्याच्यावर लावून पाहिले. दोन्ही बरोबर निघाले. मग पहिला शाफ्ट. कारखान्याच्या मायक्रोमीटरनं आकडा दाखवला ४९.९९७. चाकणच्या मायक्रोमीटरनं दाखवला ४९.९९७. दुसरा शाफ्ट. एकाचा ४९.९९७, दुसऱ्याचा ४९.९९८. काका म्हणाले, “एक मायक्रॉनचं तर सख्ख्या भावातही होतं.”

बाराही शाफ्ट तीनेक मायक्रॉननं कमी निघाले. पाचाच्या आत. माल चांगला होता.

कुणीच काही बोललं नाही. मग लातूरचा पोरगा म्हणाला, “म्हणजे मी चुकलो.”

“मी पण,” माणचा मुलगा म्हणाला. “चार जास्त नव्हतेच कधी.”

काकांनी एक कागद घेतला. पन्नास मिलिमीटर पोलाद एका अंशाला अर्ध्या मायक्रॉनहून थोडं जास्त वाढतं. “तू शाफ्ट मशीनवरून काढलास तो कोमट होता. बत्तीसेक अंश धर. मायक्रोमीटर माझ्या ड्रॉवरमधला, विसाचा. बारा अंशांचा फरक. सात मायक्रॉन तुला फुकट जास्त दिसले. आणि तू,” ते दुसऱ्याकडे वळले, “शाफ्ट रात्रभर उघड्यावर राहिलेला, बारा अंशांचा असेल. मायक्रोमीटर कुठे होता?”

पोरानं जाकिटाच्या आतल्या खिशाला हात लावला. “सकाळी हाताला बोचतो म्हणून…”

“म्हणून खिशात, छातीशी. सत्तावीसला पोचला असेल. पंधरा अंशांचा फरक, उलट्या बाजूनं. नऊ मायक्रॉन कमी. सात आणि नऊ सोळा.” काकांनी पेन खाली ठेवलं. “हीच तुमची सोळा मायक्रॉनची दरी. कुणी खोटं बोललं नाही. मापं खोटी नव्हती. माल खोटा नव्हता. फक्त माप एका हवेत होतं आणि माल दुसऱ्या हवेत.”

“मग तुम्ही दोन्ही मायक्रोमीटर एकमेकांना लावून का नाही बघितले?” माणच्या मुलानं विचारलं. “त्यांचंच भांडण होतं.”

“काय करायचंय लावून? हा फरशीशी जुळला. तो फरशीशी जुळला. शाफ्ट फरशीशी जुळला. मग ते एकमेकांशी जुळलेलेच असतात. त्यांची भेट घालून द्यावी लागत नाही.”

काकांनी सहज सांगितलं ते पुस्तकांत उष्मागतिकीचा शून्यावा नियम म्हणून येतं. पहिला आणि दुसरा नियम आधी ठरून गेले, नावं देऊन झाली, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की त्या दोघांच्या पायात आणखी एक दगड आहे. तो मोजायचा राहिला होता. तो पहिल्याच्याही आधीचा, म्हणून त्याला शून्य दिलं. इतकं उघड होतं ते, की कुणाला नियम म्हणावंसंच वाटलं नव्हतं. पण ते नसतं तर थर्मामीटरच्या आकड्याला काही अर्थ राहिला नसता. इथला थर्मामीटर तिथं नेऊन दोन जागांची तुलना करतो, ती याच भरवशावर.

लातूरच्या पोरानं लाल टॅग स्वतः काढले. जाताना माणच्या मुलानं त्याला त्याचं जाकीट दिलं. मायक्रोमीटर त्या पोरानं या वेळी डब्यात ठेवला.

मुलगा दुपारी घरी पोचला. जेवला, झोपला. उठला तेव्हा ऊन उतरलं होतं. तो ओट्यावर बसून बराच वेळ बांधाकडे बघत राहिला. मग उठला आणि बांधावर गेला. आंब्याची एक वाळकी फांदी पावसाळ्यापासून तिथंच पडून होती. भांडणामुळे तिला कुणी हात लावला नव्हता. मुलानं तिचे तुकडे केले आणि तिथंच, बांधाच्या मधोमध, शेकोटी पेटवली.

“घराजवळ पेटव ना,” आई म्हणाली. “एवढ्या लांब कशाला?”

“इथं बरं वाटतं,” तो म्हणाला.

पहिल्या दिवशी तो एकटाच बसला. दुसऱ्या दिवशी आबा आले. पोरगा एकटा थंडीत बसतो हे त्यांना बघवेना. ते आपल्या बाजूला, खाचरात पाय सोडून बसले. मुलगा बांधाविषयी काही बोलला नाही. आबाही बोलले नाहीत. लाकडं जळत राहिली.

तिसऱ्या दिवशी पलीकडून बॅटरीचा उजेड आला. तात्या होते. थोडे अलीकडे येऊन थांबले.

“कुणाचं लाकूड जाळतोस?”

“आंब्याचं, तात्या. बांधावरची फांदी.”

“ती सामाईक आहे.”

“म्हणूनच इथं पेटवली.”

तात्यांना यावर काय बोलावं सुचेना. अर्धी फांदी त्यांची होती, ती आबांच्या अंगाला ऊब देत होती, आणि ते स्वतः थंडीत उभे होते. थोडा वेळ उभे राहिले. मग आपल्या बाजूला, आपल्या खाचरात पाय सोडून बसले. आपल्या वाटणीच्या लाकडाची ऊब घ्यायला. त्यानंतर त्या रात्री तिघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. चौथ्या रात्रीही नाही. फक्त तात्या येताना वाळक्या बाभळीचा एक ओंडका घेऊन आले.

मुलाला दोन वर्षं वाटत होतं की दोन माणसांना समोरासमोर बसवलं म्हणजे भांडण मिटतं. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना फक्त एकमेकांतला फरक बोचतो, हाताला लोखंड बोचतं तसा. आबांनी बांध मोजला होता तो रागात असताना, आणि तात्यांनी मोजला तो जमिनीच्या दलालाचा फोन ठेवल्या ठेवल्या. पाऊल खोटं नव्हतं, दोरी खोटी नव्हती. माणसाला माणसाशी जुळवता येत नाही बहुतेक. दोघांना मिळून टेकायला तिसरं काहीतरी लागतं, आणि मग कुणी हात न लावता जाऊ दिलेला वेळ. मुलगा हे कुणाला बोलून दाखवू शकला नसता. तो फक्त लाकडं पुढे सरकवत होता आणि घाई करत नव्हता.

पाचव्या रात्री थंडी फार होती. आबांनी हात शेकोटीवर धरले. पलीकडून तात्यांनी धरले. दोघांचे हात ज्वाळेवर शेजारी शेजारी आले. एकदा वारा आला, ज्वाळा वाकली, दोघांनी हात एकदम मागे घेतले आणि ते एकमेकांना लागले.

तात्या ज्वाळेकडेच बघत म्हणाले, “तुझा हात गारच आहे अजून.”

दोन वर्षांतला तो पहिला शब्द होता.

आबांनी आपला हात बघितला, उलटा केला, पुन्हा शेकोटीवर धरला.

“तुझाच तापला असंल,” ते म्हणाले.

मुलानं आणखी एक लाकूड आत सारलं. तात्या थोडे पुढे सरकून बसले.